लाल आधी की पांढरी

रविवार, २ तारीख

साबणवाला एजंट दर वर्षी एक कॅलेंडर आणि एक डायरी देतो. कॅलेंडर हॉलमध्ये लागतं, डायरी रद्दीत जाते. यंदाची रद्दीतून वाचली, कारण आज जे घडलं ते कुणीतरी नीट लिहून ठेवायला हवं, आणि हिला लिहायला सांगितलं तर ही भलतंच लिहील. ही म्हणजे माझी बायको.

लेकीचं लग्न ठरल्यापासून व्याह्यांना घरी बोलवायचं चाललं होतं. आज दोघं आले. व्याही दातांचे डॉक्टर, स्वतःचा दवाखाना, बोलणं मोजकं. माझं ड्रायक्लीनिंगचं दुकान, बोलणं भरपूर (असं ही म्हणते). चहा झाला, हवापाणी झालं, रस्त्यांची खोदाई झाली आणि मग विषयच संपले. चौघंही आपापल्या कपात बघत बसलो. शेवटी व्याह्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे मान वळवली. या महिन्याचं चित्र आहे डोंगरउतारावरच्या द्राक्षमळ्यांचं. खाली तळं, पुढे टेबल, टेबलावर वाइनचे दोन ग्लास.

"छान आहे जागा," व्याही म्हणाले. "जायला पाहिजे एकदा."

"जाऊ या की," मी म्हटलं. "दोन्ही घरं मिळून जाऊ. चार दिवस वाइनऱ्या बघू."

"तुम्हाला आवड आहे वाटतं?"

आता मुलीचा बाप असताना यावर नाही म्हणणारा माणूस मला दाखवा. "थोडीफार," मी म्हटलं. "तुम्हाला?"

त्यांनी विहीणबाईंकडे बघितलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "थोडीफार."

काय ती नम्रता. खरा जाणकार असाच बोलतो.

ते गेल्यावर ही म्हणाली, "अहो, तुम्हाला खोकल्याचं औषध चढतं." चढू दे. लेकीला उद्या त्या घरात नांदायचंय. तिच्या बापाला काही कळत नाही असं त्या घरात कुणी म्हणता कामा नये. शिवाय वाइनशी माझा संबंध नाही असंही नाही. पार्ट्यांच्या दुसऱ्या दिवशी शहरातली निम्मी वाइन माझ्याच काउंटरवर येते, कपड्यांवर.

बुधवार, ५ तारीख

महिनाअखेरीला निघायचं नक्की झालं. दोन मजली एक हॉटेल, खिडकीतून मळे दिसतात. तीन वाइनऱ्या. चौथी डोंगराच्या पलीकडे आहे, तिचा विचार चालू.

अडचण एकच, क्रम. आधी लाल चाखायची की आधी पांढरी? दुकानात हाच विचार करत बसलो होतो तर लेक आली. ऑफिसातून मधेच. काउंटरच्या आतल्या स्टुलावर बसली, लहानपणी बसायची तिथेच.

"बाबा, थोडं बोलायचं होतं."

"बरं झालं आलीस. लाल आधी की पांढरी?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पांढरी," आणि उठून गेली. घरी येऊन वाचलं तर पांढरीच आधी. पोरीला उपजत समज आहे, माझ्यावर गेली आहे.

तिला काय बोलायचं होतं ते विचारायचं राहिलं. बहुतेक रजेचं असेल.

रविवार, ९ तारीख

व्याह्यांच्या दवाखान्यात बैठक. रुग्ण नव्हते. मी रुग्णाच्या खुर्चीत बसलो, कारण दुसरी खुर्ची नव्हती, आणि ते आपल्या गोल स्टुलावर. तोंडावर दिवा असताना माणूस फार वेळ खोटं बोलू शकत नाही, पण मी निभावलं.

मी सुरुवात सावध केली. "लाल वाइन म्हणजे एकदा बसली की बसली. लगेच काही केलं नाही तर मुरते."

"अगदी," ते म्हणाले. "आणि लाली सहज जात नाही. पण मला विचाराल तर पांढरी जास्त लबाड. दिसत काही नाही, आतून खाते."

मी खुर्चीत उठून बसलो. हाच माझा तीस वर्षांचा अनुभव. पांढरीचा डाग आज दिसत नाही, इस्त्री फिरली की पिवळा पडून वर येतो. मी तसं म्हणालो नाही, नुसतं म्हणालो, "पांढरी उशिरा कळते." त्यांनी मान डोलावली. दोन जाणकारांना फार बोलावं लागत नाही.

मग मला धास्ती होती तो प्रश्न मी मोघम काढला. चाखल्यावर गिळायची की थुंकायची? ते जराही अडखळले नाहीत. "एक घोट घ्यायचा, सगळीकडे फिरवायचा, आणि थुंकून टाकायचा. मी दिवसभर लोकांना तेच सांगतो." घोट झाल्यावर अर्धा तास तरी ब्रश लावायचा नाही, हेही त्यांनी बजावलं. चवीचा केवढा हा आदर. मी घरी येऊन हिला सांगितलं तर ही म्हणाली, "अहो, ते दातांचे डॉक्टर आहेत." मग? डॉक्टर शौकीन नसतात का?

जावईबापू दवाखान्यात येणार होते, आले नाहीत. कामात असतात. मेहनती मुलगा.

मंगळवार, ११ तारीख

घरच्या चादरी-अभ्रे मी दुकानात नेतो. आज लेकीच्या उशीच्या अभ्र्यावर एक वेगळा डाग दिसला. कडेला फिकट पांढरट वलयं, एकात एक, एकाच जागी. तेल नाही, क्रीम नाही. पाणी आणि मीठ, थोडं थोडं, बऱ्याच दिवसांचं. मीठ माझ्या नजरेतून सुटत नाही.

याचा अर्थ पोरीला उशीत घाम येतोय. तिची खोली पश्चिमेकडची. दुकानातला कपडे वाळवायचा मोठा पंखा तिच्या खोलीत नेऊन लावला. चालू केल्यावर टेबलावरचे कागद आणि भिंतीवरचा तिचा आणि जावईबापूंचा फोटो, दोन्ही खाली आले.

"बाबा, पंखा नको," ती म्हणाली.

"अगं घे. लग्नाआधी आजारी पडायचं नसतं."

फोटो तिने उचलून खणात ठेवला. बरं केलं, काच फुटली असती.

शुक्रवार, १४ तारीख

आज तालीम. द्राक्षाचा रस, पाणी घातलेलं व्हिनेगर आणि एक खरी बाटली, जी मी मान खाली घालून विकत आणली. ग्लास दांडीला धरायचा, गोल हलवायचा, नाक आत घालायचं, डोळे मिटायचे. हिने पहिल्याच फेरीत टेबलक्लॉथ लाल केला. मी थंड पाणी आणायला उठलो तर ही म्हणते, "घ्या, तुमचं खरं वाइनचं ज्ञान बाहेर आलं."

खरी वाइन मी आज पहिल्यांदा तोंडात घेतली. लिहायला कुणाची चोरी आहे? वाईट लागली. गंजलेल्या नळाला तोंड लावल्यासारखं वाटलं. हिने मात्र आपला ग्लास संपवला, वर माझाही संपवला, आणि म्हणाली की कपाटाचं दार बरेच दिवस करकरतंय ते आत्ताच्या आत्ता दुरुस्त करा.

दार दुरुस्त करत होतो तेव्हा ही मागून म्हणाली, "पोरगी जेवत नाहीये नीट."

"लग्नासाठी बारीक होतेय. परवाच तिची पँट कमरेत आत घेतली."

"अहो, गावभरचे कपडे कुणाचे ते ओळखता. घरात ताटावरून कोण उठून गेलं ते दिसत नाही का तुम्हाला?"

"सहल होऊ दे," मी म्हटलं. "तिथली हवा चांगली आहे."

ही गप्प बसली. हिचं गप्प बसणं मला आवडत नाही, त्यापेक्षा बोललेलं परवडतं.

रविवार, १६ तारीख

दोन्ही घरांची शेवटची बैठक, आमच्याकडे. मुलं पण होती. कार्यक्रम वाचून दाखवला. सगळ्यांनी माना हलवल्या. विहीणबाईंनी विचारलं, तिथे साधं पाणी मिळेल ना? मी हसलो. व्याही हसले नाहीत, उलट उत्तराकडे कान देऊन बसले. पाणी म्हणजे दोन वाइनांमध्ये जीभ धुवायला. हेही त्यांना माहीत.

मुलांचं वागणं बघून समाधान वाटलं. पूर्वी एका सोफ्यावर बसून एकमेकांच्या ताटातलं पळवायचे, अरे-तुरे, चिमटे, खिदळणं. आज तो एका टोकाला, लेक दुसऱ्या टोकाला. "पाणी हवंय का तुम्हाला?" "नको, घ्या तुम्ही." इतकं शिस्तीत. लग्न जवळ आलं की जबाबदारी आपोआप येते.

निघताना जावईबापूंनी मला वाकून चपला शोधायला मदत केली आणि जरा वेळ माझ्या दंडाला धरून उभे राहिले. मला वाटलं तोल गेला.

व्याही जाता जाता मला बाजूला घेऊन म्हणाले, "एक विचारू? ही सहल तुम्हाला खरंच फार मनापासून करायची आहे ना?"

"म्हणजे काय," मी म्हटलं. "जन्मात एखादं स्वप्न असतं बघा."

"मग करूच," ते म्हणाले. चेहरा जरा पडला होता. दाढ दुखत असेल. डॉक्टरांच्या दाढा कोण बघतं?

गुरुवार, २० तारीख

जावईबापू एकटेच दुकानात आले. हातात काही नव्हतं.

"काका, तुमच्याशी बोलायचं होतं."

मी त्यांना आत घेतलं, वाफेच्या मशीनमागे, आणि आधी बाटलीचं बूच काढायला शिकवलं, कारण तिथे ऐन वेळी जावयाच्या हातून बूच तुटलं तर शोभत नाही. त्यांनी तीन बुचं काढली. चौथ्याला थांबले आणि म्हणाले, "काका, तुम्ही फार चांगले आहात. दोघंही. मला फार वाईट वाटतंय."

"अहो, तुटलं एखादं बूच तर एवढं काय?"

ते हसले आणि गेले. हळवा आहे मुलगा. पोरगी सुखात राहील.

घरी सांगितलं तर लेक ताटावरून उठली. ही माझ्याकडे असं बघत होती की पाणी मागायची हिंमत झाली नाही.

मंगळवार, २५ तारीख

हे लिहायला बसलोय आणि कुठून सुरू करू कळत नाही. जसं झालं तसं लिहितो.

संध्याकाळी हॉलमध्ये ग्लास मांडले होते. माझ्या मनात होतं की पहिल्या दिवशी, तळ्याकाठच्या वाइनरीत, लेकीने ग्लास उचलून दोन शब्द बोलावेत, दोन्ही घरांसाठी. तिला म्हटलं, करून दाखव. तिने रसाचा ग्लास उचलला.

"बाबा, मी हे लग्न करणार नाहीये. आमचं दोघांचं ठरलंय. त्याचंही तेच म्हणणं आहे."

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "सहल होऊ दे, मग बोलू."

हे मी म्हणालो. माझ्याच तोंडाने. हॉटेल डोळ्यांसमोर होतं, व्याही डोळ्यांसमोर होते, तीन वाइनऱ्या होत्या. फक्त समोर उभी असलेली पोरगी नव्हती.

ती म्हणाली, "बरं."

आणि हसली. ग्लास जरा वर उचलला, मान तिरकी केली, आणि दोन्ही घरांना शुभेच्छा दिल्या. चांगलं बोलली. आवाज कुठे हलला नाही. हेच हसू मी महिनाभर बघतोय, रोज चहाच्या वेळी, जेवताना, पंखा लावताना, आणि रोज मला वाटत आलंय की पोरगी किती खुशीत आहे.

"तू तिथे येऊन चार दिवस असंच हसली असतीस?" मी विचारलं.

"हो. आल्यावर सांगणार होतो आम्ही. तुम्ही इतके आनंदात होता, बाबा. इतकं कधी बघितलं नव्हतं तुम्हाला."

ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हिला माहीत होतं का ते मी विचारलं नाही. सगळं माहीत नसावं, पण माझ्यापेक्षा जास्तच.

बुधवार, २६ तारीख

सकाळी व्याह्यांना फोन केला. कुणी सांगायचं तर मुलीच्या बापानेच सांगायचं, तिच्यावर नको. तीनदा नंबर लावून ठेवला. चौथ्यांदा त्यांनीच उचलला आणि मी सरळ सांगून टाकलं. मुलं लग्न करत नाहीयेत, त्यांचं ठरलंय, माझ्या मुलीला कुणी काही बोललेलं मला चालणार नाही.

मग ते म्हणाले, "मला माहीत आहे. मुलाने दवाखान्यात येऊन सांगितलं. आपली शेवटची बैठक व्हायच्या आधीच."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"कसं बोलणार? तुमच्या जन्माचं स्वप्न होतं. मी तुम्हाला विचारलं होतं, आठवतंय? मी पोराला म्हटलं, चार दिवस दम धर, त्यांची सहल होऊ दे. फार हौशी माणूस आहे."

मी भिंतीला टेकलो. "डॉक्टर, मी वाइन पीत नाही. परवा पहिल्यांदा प्यायलो, फार वाईट लागली."

"पीत नाही?"

"डाग काढतो फक्त."

"मी तर अजून चाखलीही नाही," ते म्हणाले. "मला पित्ताचा त्रास आहे. रात्र रात्र जागून वाचत बसलो हो तुमच्यासाठी. द्राक्षांच्या जाती पाठ केल्या मी."

"मग कॅलेंडरकडे बघून तसं का म्हणालात?"

"काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून म्हणालो."

दोघंही हसलो नाही. हसण्यासारखं होतं, पण दोघांच्याही डोक्यात एकच चाललं असणार. आपण दोघा शहाण्यांनी मिळून एकमेकांचा मान राखला आणि पोरांना महिनाभर त्यात पिळून काढलं. फोन ठेवताना ते म्हणाले, "आता तुम्हाला काय म्हणून हाक मारायची?" व्याही तर उरलो नव्हतो.

संध्याकाळी दुकान बंद ठेवलं आणि लेकीच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो. विचारलं, "काय झालं, सांगतेस?" ती सांगायला लागली. मी तिच्या पायाशी पलंगावर बसलो. मधे दोनदा माझ्या तोंडाशी शब्द आले ते गिळले. ती काय म्हणाली ते इथे लिहिणार नाही. त्यात कुणी वाईट नव्हतं एवढं कळलं. ते कळायला मला एक संध्याकाळ पुरली, आणि ही संध्याकाळ तिने माझ्याकडे केव्हापासून मागितली होती.

गुरुवार, २७ तारीख

हॉटेल रद्द करायला फोन हातात घेतला तर ही म्हणाली, "ठेवा तो खाली. आम्ही जातोय."

"आम्ही म्हणजे?"

"मी आणि पोरगी. चार दिवस. तळं आहे, मळे आहेत, मला ती पांढरी बघायचीय कशी लागते. विहीणबाई आल्या तर त्यांनाही घेऊन जाईन, त्या बिचारीने तरी काय घोडं मारलंय?"

मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. कार्यक्रमाचा कागद काढला, चौथी वाइनरी कशी बसवता येईल ते सांगायला लागलो, आणि माझीही बॅग माळ्यावरून खाली काढली.

लेक बॅगेकडे बघत होती. मग माझ्याजवळ आली, माझ्या शर्टाची कॉलर नीट केली.

"बाबा, तुम्ही नका येऊ."

"का गं? मी काही बोलणार नाही. गप्प बसेन."

"तुम्ही असलात की मला हसावं लागतं."

रागाने नाही म्हणाली. फार मायेने म्हणाली. राग असता तर मी भांडलो असतो.

शुक्रवार, २८ तारीख

सकाळी लवकर गाडी आली. दोघींच्या बॅगा मी खाली नेल्या. ही पुढे बसली, लेक मागे. लेकीने काच खाली केली आणि म्हणाली, जेवणाचं फ्रिजमध्ये आहे. मी म्हटलं, बरं. हसली नाही. डोळे सुजलेले होते, तिने लपवले नाहीत, आणि मी बघितलं नाही असं दाखवलं नाही.

गाडी वळणावर गेल्यावर वर आलो, माझी बॅग परत माळ्यावर टाकली आणि वेळेवर दुकान उघडलं.